शेडमधली उदबत्ती

सुप्रभाताईंना दम लागायचा तो चिडल्यावर, आणि त्या दिवसभर चिडलेल्याच असायच्या. आता याला औषध काय? विलायतेत स्लाऊच्या हॉस्पिटलात पंचवीसेक वर्षं भूल देण्याचं काम केलेली बाई ती. थिएटरमध्ये त्यांचा आवाज चढला की भलेभले सर्जन गप्प व्हायचे म्हणतात. त्याच बाईला आता एक वाक्य पुरं करायचं तर मध्ये दोनदा थांबावं लागत होतं. मध्येमध्ये थांबून रागावण्यात काय राम आहे? तेवढ्यात समोरचा माणूस समजुतीच्या सुरात 'शांत हो, शांत हो' म्हणतो, आणि मग तर डोक्यात तिडीकच जाते.

फुप्फुसं आकसत चालली होती. ब्याण्णवच्या उन्हाळ्यात निदान झालं, आणि दिवाळीच्या आधी घरात ऑक्सिजनचं मशीन येऊन बसलं. हॉलच्या बाहेर पॅसेजमध्ये ते घरघरत असायचं आणि त्याची लांबलचक नळी कार्पेटवरून सरपटत बागेकडच्या खोलीत, खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीपर्यंत यायची. मशीन बसवणाऱ्या माणसाने जाताना सूचना दिल्या. सिगारेट नको, मेणबत्ती नको, कुठलीही ज्योत किंवा निखारा जवळपास नको. सुप्रभाताईंनी त्याला मध्येच थांबवलं. हे सगळं त्या स्वतः आयुष्यभर नवशिक्या डॉक्टरांकडून घोकून घेत आल्या होत्या. नळी लावलेली असताना सिगारेट पेटवून तोंड भाजून घेतलेला म्हातारा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. माणूस गेल्यावर त्या उठल्या, दम खात खात खोलीच्या कोपऱ्यातल्या देवघरापाशी गेल्या आणि काड्यापेटी उचलून नवऱ्याच्या हातात दिली. म्हणाल्या, ही घराबाहेर टाका.

म्हणजे उदबत्तीला मनाई केली कुणी, तर खुद्द त्यांनीच. आणि सगळ्यात जास्त हवी होती कुणाला, तर तीही त्यांनाच.

सुप्रभाताई फार देवभोळ्या होत्या अशातला भाग नाही. उपास त्यांना जमले नाहीत आणि सोवळंओवळं त्यांनी पुण्यातच सोडलं. पण रोज संध्याकाळी हॉस्पिटलातून आलं की हातपाय धुवायचे, देवापुढे निरांजन लावायचं आणि एक उदबत्ती लावायची, यात खंड पडला नाही. पहिल्या वर्षी क्वार्टर्समध्ये एका खोलीत राहत असताना वॉर्डनबाईने दार ठोठावून हा कसला धूर म्हणून झडती घेतली होती, तेव्हाही नाही. भुलीच्या औषधांचा आणि स्पिरिटचा वास केसांत, नखांत बसलेला असायचा. उदबत्तीचा वास खोलीभर झाला की तो जायचा, मग त्या खुर्चीत टेकायच्या, मग चहा. तोवर त्यांच्याशी कुणी बोललेलंही त्यांना खपायचं नाही.

आणि आता बघा. घरातच नळी, घरातच मशीन, उशाशी औषधांच्या बाटल्या, सकाळ-संध्याकाळ नर्स. स्वतःच्या घरात स्वतःच पेशंट. सगळ्या घराला प्लास्टिकच्या नळीचा आणि जंतुनाशकाचा वास, आणि वारा फिरला तर भर म्हणून ट्रेडिंग इस्टेटवरच्या कारखान्यातून येणारा चॉकलेटचा गोडमिट्ट वास. त्या म्हणायच्या, मला वॉर्डात मरायचं असतं तर मी वॉर्डातच राहिले असते. मला माझं घर हवंय, आणि त्याला माझ्या घराचा वास हवाय. मागणी काही फार नव्हती. पण तेवढी पुरी करायची कशी, हे कुणाच्या बापाला कळत नव्हतं.

लोक मात्र मदतीला धावले. मदत करणाऱ्यांचा जो ताप असतो तो आजाराहून वाईट.

लेक सीमा बेसिंगस्टोकला कॉम्प्युटर कंपनीत होती. ती दर शनिवारी यायची. एकदा वेम्ब्लीच्या दुकानातून मोठ्या हौसेने खोका घेऊन आली. "आई, हा बघ उदबत्ती. त्याला मॅचस्टिक पण नको लागत." खोक्यातून निघाल्या प्लास्टिकच्या तीन काड्या, टोकाला तांबडे बारके दिवे, आणि एक प्लग. भिंतीतलं बटण दाबलं की टोकं लाल व्हायची. वास शून्य. सुप्रभाताईंनी कपाळावर हात मारला. लेकीचा पडलेला चेहरा बघून त्यांनी काही बोलायचं नाही असं ठरवलं, आणि ठरवल्याबरोबर बोलून गेल्या की देवापुढे ट्रॅफिक सिग्नल कशाला आणलास. पुढच्या शनिवारी सीमाने चंदनाचा स्प्रे आणला. तो मारल्यावर आईला असा खोकला लागला की बापलेक दोघं घाबरली. तोही गेला कचऱ्यात.

चंद्रशेखर, म्हणजे त्यांचे यजमान, हे निवृत्त जी.पी., फॅमिली डॉक्टर. शांत गृहस्थ. देवाधर्माशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. सुप्रभाताईंची पूजा चालायची तेव्हा ते बागेत असायचे, प्रसाद मात्र न चुकता खायचे. धुराने त्यांना शिंका येत. बायकोने उदबत्ती बंद केल्यावर त्यांना खरं तर हायसं वाटायला हवं होतं. पण संध्याकाळ झाली की ती देवघराकडे बघत बसते आणि मग रात्री जेवणापर्यंत कशावर ना कशावर खेकसत राहते, हे त्यांना दिसत होतं. आमटीत मीठ कमी, पडदा वाकडा, टीव्हीचा आवाज मोठा. ते सगळं मुकाट्याने सरळ करायचे, आणि त्याने ती आणखी चिडायची.

संक्रांतीनंतरच्या रविवारी हॅरोहून वैजयंती आली, तिळगूळ घेऊन. मराठी मंडळातली जुनी मैत्रीण, मन साफ, पण हाताला कधी उसंत नाही. दुसऱ्याच्या घरी गेली तरी उशा सारख्या करणार, कप विसळणार. चार वाजले, बाहेर अंधारून आलं. चंद्रशेखर आत चहा टाकत होते. वैजयंतीचं लक्ष देवघराकडे गेलं. दिवेलागणीची वेळ आणि देवापुढे काळोख. अगं बाई, म्हणत ती उठली, पर्समधून लायटर काढला, देवाखालच्या खणातला उदबत्तीचा जुना पुडा तिला बरोबर सापडला, आणि सुप्रभाताई हात वर करेपर्यंत तिने एक पेटवूनही टाकली. बाळकृष्णाला ओवाळली, देवापुढच्या केळ्यात खोचली आणि डोळे मिटून हात जोडून उभी राहिली.

सुप्रभाताईंना ओरडायचं होतं. आवाज निघेना. आयुष्यभर ज्या आवाजाने माणसं जागच्या जागी थांबवली, तो नेमका आता घशात अडकून बसला. वैजयंतीचे डोळे मिटलेले, ओठ पुटपुटतायत, उदबत्तीचं लाल टोक खुर्चीपासून चार हातांवर. नळी नाकातून ओढून नुसती टाकली तर ती कार्पेटवर फुसफुसत राहणार, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नळी दुमडून मुठीत धरली, तशाच उठल्या, भिंतीला धरत पॅसेजमध्ये जाऊन आधी मशीन बंद केलं, परत आल्या आणि पेटती उदबत्ती उचलून पंचपात्रातल्या पाण्यात बुडवली. चर्र झालं. वैजयंतीने डोळे उघडले तेव्हा सुप्रभाताई देवघराला धरून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ निळे पडले होते.

चंद्रशेखर धावत आले. मशीन चालू केलं, नळी लावली, खुर्चीत बसवलं. वैजयंती रडायला लागली. मी चांगल्याच मनाने केलं हो, असं ती परतपरत म्हणत होती, आणि ते खरंच होतं, म्हणून तर तिला धड झापताही येईना. ती गेल्यावर सुप्रभाताई दोन दिवस अंथरुणातून उठल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी उठल्या त्या नवं फर्मान घेऊनच. खणातल्या साऱ्या उदबत्त्या फेकून द्या. देवही सीमाकडे पाठवून द्या, म्हणजे कुणाला हात शिवशिवायला नकोत.

देव पाठवायचे म्हटल्यावर चंद्रशेखर पहिल्यांदा नाही म्हणाले.

"देव राहतील. उदबत्ती मी लावीन," ते म्हणाले. "बागेतल्या शेडमध्ये. तुला इथून खिडकीतून दिसेल."

सुप्रभाताई आधी हसल्या, मग खोकल्या. ज्या माणसाने जन्मात देवाला फूल वाहिलं नाही तो उदबत्ती लावणार, आणि तीही लॉनमोअरला. धूप देवाला दाखवायचा असतो, फावड्याला नाही, त्या म्हणाल्या. यावर चंद्रशेखरांचा तोडगा तयार होता. संध्याकाळी बाळकृष्णाला ताम्हनात घालून शेडमध्ये न्यायचं, उदबत्ती ओवाळायची, पुरी विझली की परत आणायचं. लायटरही शेडमध्येच राहील. सुप्रभाताईंनी एकच विचारलं, शेडमध्ये टर्पेंटाइनचे डबे आहेत त्याचं काय? एवढा शिकलेला डॉक्टर, पण हे डोक्यात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते रंगाचे डबे, थिनर, जुनी वर्तमानपत्रं सगळं काढून कौन्सिलच्या कचरा डेपोत टाकून आले आणि त्यांनी शेड झाडून घेतली.

मग सुरू झाला खरा मनस्ताप. खणातल्या जुन्या उदबत्त्या सादळून गेल्या होत्या. पुण्याहून भाऊ पाठवायचा त्या कागदी पुड्यातल्या, तर ते दुकानच आता बंद झालेलं. नवी उदबत्ती निवडायची होती. सुप्रभाताईंची नजर या बाबतीत तयार होती. पुडा फोडल्यावर भपकन वास आला तर समजावं की कोळशाची काडी अत्तरात बुडवली आहे, पेटल्यावर नुसता धूर होणार. मसाल्याची उदबत्ती पुड्यात मुकी असते, हाताला जराशी चिकट लागते, रंग भुरकट असतो, आणि ती पेटल्याशिवाय तिच्या मनातलं काही सांगत नाही. आता पेटवून बघणार कोण? सुप्रभाताई खिडकीआड. पेटवणार चंद्रशेखर, वास घेणार चंद्रशेखर, आणि आत येऊन सांगणारही चंद्रशेखर.

ते वेम्ब्लीहून सात-आठ जातीचे पुडे घेऊन आले. रोज संध्याकाळी एक. कोट चढवायचे, बाळकृष्णाला आपल्या मफलरमध्ये गुंडाळायचे, कारण थंडी, आणि ताम्हन, टॉर्च घेऊन ओल्या लॉनवरून स्लिपर सांभाळत निघायचे. शेडचं दार उघडं टाकायचं, असा सुप्रभाताईंचा हुकूम होता, म्हणजे इकडून दिसतं. त्या काचेला नाक लावून बसायच्या. डाव्या हाताने ओवाळतोय हा माणूस. त्या काचेवर टकटक करायच्या. ते बघायचे, हात बदलायचे. घंटा विसरले. टकटक. घंटा वाजवायचे. एकदा तर घंटा ऐकून शेजारची बाई कुंपणावरून डोकावून, आइसक्रीमवाला आला का, असं विचारून गेली.

मग आत आले की तपासणी. कसा होता वास? चांगला होता. चांगला म्हणजे कसा? म्हणजे छान, उदबत्तीसारखा. सुप्रभाताईंना रडावं की हसावं कळेना. चाळीस वर्षं या माणसाने पेशंटना विचारलं असेल, दुखतं म्हणजे कसं दुखतं, टोचतं का ठणकतं, आणि स्वतःला साधा एक वास सांगता येत नाही? मग त्या एकेक करून विचारायच्या. आधी गोड येतो का? मागून कडवट? लाकडासारखा, का फुलासारखा? घशाला लागतो का? चंद्रशेखर आठवायचा प्रयत्न करायचे, शिंकायचे आणि म्हणायचे, उद्या नीट घेतो. केवड्याची लावली त्या दिवशी त्यांनी येऊन सांगितलं की चंदनासारखी वाटली. सुप्रभाताईंनी हात टेकले. त्या म्हणाल्या, सोडा, राहू द्या, तुमचं काम नव्हे हे. दुसऱ्या दिवशी चंद्रशेखर पुन्हा मफलर घेऊन हजर.

हळूहळू मात्र त्यांच्या बोलण्यात फरक पडायला लागला. एके दिवशी ते आले आणि आपणहून म्हणाले, ही नको, पेटताना छान वाटते आणि अर्ध्यावर नुसती राख जळल्यासारखी होते. सुप्रभाताईंनी मान डोलावली, तो पुडा बाद. दुसऱ्या एकीबद्दल म्हणाले की ओल्या मातीसारखं काहीतरी आहे, पण फार जपून येतं. तो वाळा असणार, हे त्यांनी ताडलं. पण वर्णन ऐकून काय होतं? जेवणाचं वर्णन ऐकून पोट भरतं का कुणाचं? चंद्रशेखर बाहेर वास घेत होते, येऊन सांगत होते, आणि खोलीला तोच प्लास्टिकचा वास होता. देवाला उदबत्ती पोचत होती. सुप्रभाताईंना नव्हती. हे त्या बोलल्या नाहीत, कारण हा माणूस थंडीत बिचारा रोज जातोय, आता त्याला आणखी काय सांगायचं? न बोलल्यामुळे त्या आतल्या आत आणखी धुमसत राहिल्या, आणि आमटीवर खेकसल्या.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला. नर्स सकाळीच येऊन ऑक्सिजन वाढवायला सांगून गेली होती, म्हणजे काय ते दोघांनाही कळलं होतं. चंद्रशेखर ताम्हन घेऊन निघाले. खिडकीतून सुप्रभाताईंना दिसलं की लायटर तीनतीनदा विझतोय. मग दिसलं की त्यांनी शेडचं दार आतून ओढून घेतलं.

बस. आता काही दिसेना. काळपट लाकडी दार आणि फटीतून टॉर्चची पिवळी रेघ. त्यांनी काचेवर टकटक केली, पण वाऱ्यात कोण ऐकतंय? हात कुठला वापरतोय, घंटा वाजवली की नाही, देवाला धड धरलाय की पाडलाय, काही कळायला मार्ग नाही. एकच गोष्ट सांगितली होती की दार उघडं ठेवा, ती पण ऐकली नाही. वेळ जायला लागला. एवढा वेळ कशाला लागतो एका उदबत्तीला? रागाबरोबर त्यांना भीतीही वाटायला लागली, पंच्याहत्तरीकडे झुकलेला माणूस, आत चक्कर आली तर? आल्यावर काय काय बोलायचं याची त्यांनी मनाशी जुळवाजुळव केली, दम पुरेल अशी छोटी छोटी वाक्यं.

मागचं दार वाजलं. चंद्रशेखर आत आले, बाळकृष्णाला देवघरात ठेवलं, मफलर घडी करून बायकोच्या खुर्चीच्या हातावर टाकला आणि समोर उभे राहून शिंकले. डोळे लाल झाले होते. वाऱ्याने पेटेना, म्हणून दार लावलं, ते म्हणाले. बंद शेडमध्ये धूर कोंडला, म्हणून विझेपर्यंत तिथेच बसून राहिलो.

सुप्रभाताईंनी बोलायला तोंड उघडलं, आणि त्या हुंगायलाच लागल्या. नाकात नळीतली कोरडी हवा सुरूच होती, पण तिच्याआडून काहीतरी येत होतं. पुसट. होतंय की भास आहे, ते त्यांना कळेना.

"पुढे या. कोट काढू नका," त्या म्हणाल्या. "आधी बघा, ठिणगी नाही ना कुठे?"

चंद्रशेखरांनी आज्ञाधारकपणे बाह्या झटकल्या, खिसे तपासले, मफलर दोन्ही बाजूंनी दिव्याखाली धरून पाहिला. नाही, म्हणाले. मग गुडघे दुखत असतानाही खुर्चीशेजारी खाली बसले. सुप्रभाताईंनी त्यांची बाही धरून जवळ ओढली. नळीमुळे वास नीट लागेना. त्यांचा हात नळीकडे गेला आणि त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. आता हा डॉक्टर नको म्हणणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तसं म्हटला तर ते बरोबरही होतं.

चंद्रशेखरांनीच बायकोच्या कानामागून नळी सोडवली आणि ती हातात धरून बसले, तिच्या गालाला लागून, लगेच लावता येईल अशी.

सुप्रभाताईंनी त्यांच्या बाहीत नाक खुपसलं. लोकरीत, अस्तरात, कॉलरला, सगळीकडे मसाल्याचा जड, उबदार धूर भरून राहिला होता. एक श्वास घेतला. दुसरा अर्धाच आला, पण आला. त्यांना रडू फुटलं, आणि रडायलाही दम लागतो याचा इतका संताप आला की त्यांनी बाही मुठीत आवळून धरली.

"पुरे," चंद्रशेखर म्हणाले, आणि नळी परत लावली. सुप्रभाताईंनी लावू दिली. बाही काही त्यांनी सोडली नव्हती.

मग चंद्रशेखरांनी विचारलं, "उद्या कुठली लावू?"

"हीच," सुप्रभाताई म्हणाल्या. दम घेतला. "आणि दार लावून घ्या. मला दिसलं नाही तरी चालेल."